पोडियमवरचा आठ

मे महिन्यात दुपारी अडीच वाजता आमच्या सोसायटीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या गच्चीवर, मांजरसुद्धा फिरकत नाही. म्हणूनच मी ती वेळ निवडली. डोक्याला ओला पंचा गुंडाळला, खडू, सुतळी, पांढऱ्या रंगाचा डबा आणि सासूबाईंचा वरवंटा घेतला आणि वर गेले. वरवंटा अशासाठी, की कोब्यात खिळा ठोकायचा नाही ही सेक्रेटरींची एकमेव अट होती. खिळ्याने वॉटरप्रूफिंगला भोक पडलं असतं तर खालच्या पार्किंगमध्ये नेमकं त्यांच्याच गाडीवर पाणी गळलं असतं. मग वरवंटा मधोमध उभा करून त्याला सुतळीचा फास टाकला आणि एकाला एक चिकटलेली तीन मोठी वर्तुळं आखली. रंग भरून होईपर्यंत माझे तळपाय भाजून निघाले. सासूबाई तेव्हा साताऱ्याला गेल्या होत्या, नाहीतर वरवंट्याला हात लावायची माझी काय बिशाद होती!

ही वर्तुळं कशासाठी ते सांगायला हवं. सांगितल्याशिवाय कुणालाच कळत नाही, आणि सांगितल्यावरही फारसं कळतं असा माझा अनुभव नाही. मी चाकांच्या बुटांवर स्केटिंग करते. हेल्मेट घालून सुसाट पळणारी मुलं करतात ते नव्हे. माझ्या प्रकाराला फिगर म्हणतात. जमिनीवर आखलेल्या वर्तुळाच्या रेघेवरून एका पायावर जायचं, पुढे, मग मागे, मध्येच गर्रकन उलटं वळून, आणि चाक रेघेवरून बोटभरही ढळू द्यायचं नाही. त्यात गाणं नसतं, उड्या नसतात, चमचमते कपडे नसतात. बघणाऱ्याला वाटतं, या बाईची कानातली फिरकी पडलीये आणि ती शोधतेय. या शोधाशोधीत मी राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलंय, तेही एकापेक्षा अधिक वेळा. पण ते सगळं लग्नाआधी.

पोटापाण्यासाठी मी चित्रकार आहे. घरी मोठमोठ्या कागदांवर माझ्या मनातलं काढते आणि बाहेर लोकांच्या भिंती रंगवते. नवी मुंबईत भिंत रंगवायची म्हणजे फ्लेमिंगो. पुलाखालच्या खांबांवर फ्लेमिंगो, शाळेच्या कुंपणावर फ्लेमिंगो, सीवूड्सच्या एका दातांच्या दवाखान्यात टूथब्रश धरलेला फ्लेमिंगो. एकदा हौसेने बगळा काढला, तर गिऱ्हाईक म्हणालं, "मॅडम, मस्तच आलाय. आता याला गुलाबी करा." पोडियम वापरायची परवानगीसुद्धा मी पंपरूमच्या दारावर एक जोडी फ्लेमिंगो काढून मिळवली होती.

माझ्या दोन्ही धंद्यांत मला एकच खोड नडते. कुणी जवळ उभं राहून बघायला लागलं की माझी रेघ हलते. खांब रंगवताना रिक्षावाला मागे येऊन थांबला की फ्लेमिंगोच्या मानेला गाठ आलीच म्हणून समजा. स्केटिंगमध्ये तर पंच वर्तुळाच्या कडेकडेने चालतात आणि वाकून चाकाकडे बघतात. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी पुन्हा स्पर्धेत उतरले, तेव्हा शेवटच्या फिगरपर्यंत पहिली होते. मग करकर वाजणाऱ्या बुटांचे एक पंच माझ्या शेजारी आले, माझं लक्ष त्या बुटांकडे गेलं आणि चाक रेघ सोडून गेलं. मी तिसरी आले.

त्यानंतर फिजिओबाईंनी माझा गुडघा दाबून बघितला आणि सांगितलं की अजून एक वर्ष खेळा, पुढचं आपण बोलायला नको. मला अजून एकदा सोनं हवं होतं. मुलीपुढे आदर्श ठेवावा, बायकांना प्रेरणा द्यावी, असलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मला ते माझ्यासाठी हवं होतं आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती. जवळच्या रिंकवरची वर्तुळं मुलांच्या बॅचेसनी घासून घासून पुसट झाली होती. आमच्या पोडियमचा कोबा मात्र आरशासारखा होता. म्हणून तो सगळा उपद्व्याप.

सुरुवातीचे काही दिवस स्वर्ग होता. पहाटे साडेपाचला वर जायचं, चाकं ओल्या फडक्यावरून फिरवायची आणि रेघेवर पाय टाकायचा. चाकाची ओली खूण पांढऱ्या रेघेवर उमटते. कुठे घसरलो, कुठे बरोबर आलो ते थोडा वेळ दिसतं आणि वाळून जातं. मला ती माझी सगळ्यात चांगली चित्रं वाटायची, कारण ती कुणाला दाखवायची नसायची.

सासूबाई साताऱ्याहून परत आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बूट खांद्याला अडकवून लिफ्टमधून बाहेर पडले आणि जागच्या जागी थांबले. माझ्या वर्तुळांवर माणसं चालत होती. सोसायटीतले झाडून सगळे ज्येष्ठ नागरिक, एकामागे एक, एका वर्तुळाला वळसा घालून मधून दुसऱ्यात शिरत होते. सगळ्यांच्या पुढे, पंजाबी ड्रेसवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, माझ्या सासूबाई होत्या. त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही.

"अंतर ठेवा! हाताच्या अंतराने चाला!" त्या ओरडत होत्या.

"आई, हे काय?" मी विचारलं.

"आठ," त्या न थांबता म्हणाल्या. "व्हिडिओ पाठवला होता ना मी तुला? बघितला नसशीलच. आठाच्या आकड्यात चाललं की शुगर, बीपी, गुडघे, सगळं ताळ्यावर येतं. आम्ही आजवर खाली गेटजवळच्या कुंड्यांभोवती चालत होतो. आता कमिटीने रंगाने काढून दिलाय. काय रेखीव काढलाय बघ! एरवी होतात का अशी कामं?"

चित्रकार म्हणून मला क्षणभर बरं वाटलं. मग भान आलं.

"आई, ते मी काढलंय. माझ्या प्रॅक्टिससाठी."

सासूबाईंनी एक पूर्ण वर्तुळ विचार केला आणि पुन्हा माझ्यासमोर आल्यावर म्हणाल्या, "तू काढलंस होय? मग तर घरचंच झालं. ये, बँकवाल्यांच्या मागे लाग."

बँकवाले म्हणजे ए विंगमधले काका, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना वेगळीच चिंता होती. व्हिडिओत आठ होता आणि आठात दोनच वर्तुळं असतात, मग हे तिसरं कशाला? कुणी म्हणालं, ते बीपीवाल्यांसाठी. कुणी म्हणालं, ते दमल्यावर उभं राहायला. शेवटी काकांनीच निकाल दिला की तिसरं वर्तुळ म्हणजे वेटिंग. तेव्हापासून उशिरा येणारे तिथे शिस्तीत उभे राहू लागले.

मी तडक सेक्रेटरींकडे गेले. त्यांच्या टीपॉयवर शाल आणि नारळ होता. आदल्या संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये ज्येष्ठांनी आठ काढून दिल्याबद्दल त्यांचा सत्कार केला होता, आणि कमिटीची निवडणूक तोंडावर आली होती.

"मॅडम, आता मी कसं सांगू? शाल घेतली ना मी," ते खरोखरच अडचणीत आल्यासारखे म्हणाले. "तुमी थोडं ॲडजस्ट करा ना. सीनियर सिटिझन लोक आहेत. टेन्शन नका घेऊ."

टेन्शन मी घेतलंच. दुसऱ्या दिवशी मी पाचला वर गेले, तर मंडळी आधीच हजर. त्याच्या दुसऱ्या दिवशी पावणेपाचला गेले, तर बँकवाले काका वेटिंगमध्ये उभे राहून जांभया देत होते. म्हाताऱ्या माणसांशी लवकर उठायची पैज कुणी लावू नये, ती माणसं झोपतच नाहीत. दिवसभर कोबा तापायचा, संध्याकाळी मुलांचं क्रिकेट आणि कुणाचा ना कुणाचा वाढदिवस. स्पर्धा जवळ येत होती आणि मी वर्तुळाकाठी बूट घेऊन, बस चुकलेल्या माणसासारखी उभी असायचे.

मग मी चित्रकाराची बुद्धी वापरायची ठरवली. पुन्हा एका दुपारी, पुन्हा पंचा गुंडाळून, पोडियमच्या दुसऱ्या टोकाला बी विंगच्या तुळशीपाशी मी दुसरा आठ काढला. हा कोरडा पांढरा नव्हता. याच्या कडेने कमळं होती, आत पाऊल टाकायच्या जागी केशरी पावलं होती, आणि वळणावळणावर सुबक अक्षरांत लिहिलं होतं: हृदय, गुडघे, साखर, पित्त, झोप. कुठल्या जागी काय लिहायचं ते मी जागा बघून ठरवलं. "साखर" लांबलचक शब्द नाही, म्हणून ती अरुंद वळणावर आली. बस, एवढंच त्यामागचं शास्त्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पालखी तिकडे हलली. मी माझ्या वर्तुळांवर एकटी उरले आणि तिकडून येणारी भांडणं कान देऊन ऐकू लागले. साखरेवर गर्दी झाली होती. बँकवाले काका तिथून हलायलाच तयार नव्हते.

"माझी फास्टिंग वाढलेली आहे, मला जरा जास्त वेळ लागणार," ते म्हणत होते.

"अहो, पण मागे लाइन लागलीये! हृदयावर कुणीच नाहीये, तिकडे जा ना!"

"हृदय उत्तम आहे माझं. तिथे जाऊन काय करू?"

आमच्या सोसायटीत मूळच्या इथल्याच गावातल्या एक आजी राहतात. सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्या घरची होती आणि सकाळचा फेरफटका हा त्यांना शहराने दिलेला एकच उद्योग. त्या काठाशी उभ्या राहून सगळ्यांना विचारत होत्या, "माजं काय पन दुखत नाय. मी कुठं उभी राहू गो?" त्यांच्यासाठी मी काहीच लिहिलं नव्हतं. मला जरा वाईट वाटलं, पण तेवढ्यात माझा मागे जाणारा फेरा सुरेख आला आणि मी ते विसरले.

सासूबाई मात्र त्या आठावर चालल्या नाहीत. त्या एकदाच तिथे गेल्या, चष्मा लावून कमळं बघितली आणि परत आल्या. घरी पोळ्या लाटता लाटता मला म्हणाल्या, "कमळाच्या देठाला कुणी असा बाक देतं का? ती फ्लेमिंगोची मान आहे."

मी भाजी ढवळत राहिले.

"आणि वरवंट्याला पांढरा पट्टा कसला लागलाय तेही मी अजून विचारलेलं नाही," त्या म्हणाल्या. "घाबरू नकोस, सांगणार नाही कुणाला. बँकवाले किती खूश आहेत. पण मी काही पित्तावर पाय ठेवून चालायची नाही. मी आपल्या जुन्याच आठावर चालणार."

म्हणजे उरलो आम्ही दोघी, मी चाकांवर आणि त्या कॅनव्हासच्या बुटांवर. सासूबाई गप्प राहू शकत नाहीत. सिनेमागृहात नाही, डॉक्टरने स्टेथोस्कोप लावलेला असताना नाही, माझ्या लग्नात अंतरपाट धरलेला असतानाही नाही. तेव्हा त्या मंगलाष्टकं म्हणणाऱ्या मावशींचा सूर दुरुस्त करत होत्या. पोडियमवर त्या चालता चालता काल कोणाकडे काय झालं ते सांगायच्या, आणि त्या माझ्या जवळून गेल्या की दर वेळी माझं चाक रेघ सोडायचं. लांब गेल्या की चाक रेघेवर. जवळ आल्या की बाहेर. चिडचिड होऊन मी ओल्या खुणा बघत बसले. सगळ्या खुणा त्यांच्या चालण्याच्या वाटेपाशीच वाकड्या झाल्या होत्या.

मला एकदम ते करकर वाजणारे बूट आठवले. एकटीने केलेल्या सरावात मी देवासारखी स्केटिंग करत होते आणि स्पर्धेत मागच्यासारखीच हरणार होते, कारण पंच काही बी विंगच्या तुळशीपाशी जाऊन साखरेवर उभे राहणार नव्हते. मला शांतता नको होती. मला ती सगळी गर्दी, खोकल्यासकट, माझ्या अंगावर हवी होती. जिला पळवून लावायला मी भर उन्हात कमळं काढली, तिलाच आता परत बोलवायचं होतं.

"आई," त्या दिवशी संध्याकाळी मी म्हणाले, "तुमच्या लोकांना परत आणाल का?"

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. कशासाठी, असं त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं, बूट, पंच, तिसरा नंबर, फिजिओबाई, सगळं. एवढं मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्याला स्केटिंगमधलं एवढंच कळतं की पडली नाही म्हणजे छान झालं.

"म्हणजे आम्ही तुला त्रास द्यायचा," त्या म्हणाल्या.

"हो."

"मनापासून द्यायचा?"

"हो, आई."

त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी सून होऊन घरात आले त्या दिवशीही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून पोडियमवर शाळा भरली. अर्धी मंडळी पंच झाली. हात मागे बांधून वर्तुळाच्या कडेने चालायचं आणि वाकून माझ्या चाकाकडे बघायचं. ज्यांना वाकता येत नव्हतं त्यांनी नुसतं संशयाने बघायचं. उरलेल्यांनी बाजूला उभं राहून खोकायचं, फोनवर बोलायचं, पित्ताबद्दल चर्चा करायची. हे शिकवावं लागलं नाही. पहिले काही दिवस माझे हाल कुत्रं खाईना. एकदा तर काकांच्या खिशात आरती वाजायला लागली आणि मी रेघ सोडून थेट कुंड्यांत गेले.

सुरुवातीला सगळे प्रत्येक फेऱ्याला "छान, छान" म्हणायचे. मग हळूहळू त्यांची नजर बसली. बँकवाले काका म्हणाले, "इथे चाक बाहेर गेलं." ते खरंच गेलं होतं. आजींना माझं मागे वळणं आवडायचं, पण तेही नीट आलं तरच. नाहीतर त्या "असा नाय, कालच्यावानी कर गो" म्हणून दुसऱ्यांदा करायला लावायच्या. आणि सासूबाईंना दिसलं ते माझ्या प्रशिक्षकांनाही इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. चाक घसरण्याच्या अगदी किंचित आधी माझा डावा खांदा वर उचलला जातो. तो दिसला की त्या ओरडायच्या, "खांदा!" मी खांदा पाडायचे आणि चाक रेघेवर राहायचं.

मग सगळेच ओरडायला लागले. "खांदा!" अशी आरोळी भल्या पहाटे आमच्या इमारतींमध्ये घुमायची. सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी आल्या, सातव्या मजल्यावरच्या कुणीतरी लिहिलं की आम्ही झोपेतून दचकून ताठ बसतो. सेक्रेटरींनी दोन्ही बाजूंना नमस्काराचे हात पाठवले. माझा नवरा ती आरोळी ऐकून दात घासता घासता ताठ व्हायचा.

एके दिवशी मी वाशीत पुलाखालचा खांब रंगवत होते. मागे एक गृहस्थ वडापाव खात उभे राहिले आणि पक्ष्याच्या पायाला गुडघा कुठे असतो यावर बोलू लागले. मी मान काढून संपवली आणि मग लक्षात आलं की हात हललाच नव्हता. मी त्यांना विचारलं, "अजून थांबता का थोडा वेळ?" ते घाबरून निघून गेले.

स्पर्धा उत्तरेतल्या एका शहरात होती. सासूबाईंनी मला न विचारता स्वतःचं तिकीट काढलं होतं. मला धडकी भरली. फिगर चालू असताना बाहेरून कुणी सूचना दिली तर पंच ती फिगर बाद करू शकतात. हे मी त्यांना गाडीत बसल्या बसल्या सांगितलं, मग रात्रीच्या जेवणानंतर सांगितलं, मग हॉलच्या दारात पुन्हा सांगितलं.

"तुमच्या तोंडून एक शब्द गेला, तरी माझं सगळं गेलं, आई."

"मी मुख्याध्यापिका होते," त्या दुखावून म्हणाल्या. "शांतता म्हणजे काय ते मला शिकवू नकोस."

हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. पंच कडेने चालायला लागले, वाकले, माझ्या चाकाकडे बघायला लागले, आणि मला काहीच झालं नाही. उलट हे लोक खोकत का नाहीत, असं वाटलं. पहिली फिगर स्वच्छ आली. दुसरी त्याहून स्वच्छ. तिसरीनंतर मी पहिली होते आणि माझ्या मागची मुलगी, माझ्यापेक्षा कितीतरी लहान, बरीच मागे होती. शेवटची फिगर राहिली होती. त्यातला अर्ध्याहून जास्त भागही झाला. शेवटचं वळण समोर आलं तेव्हा कुणाचे बूट वाजले नाहीत, कुणी जवळ आलं नाही. फक्त माझ्या मनात आलं की मिळालं, माझं झालं. आणि चाक बोटभर बाहेर गेलं.

त्या मुलीची शेवटची फिगर निर्दोष झाली. मला रौप्यपदक मिळालं. मी हसून फोटो काढून घेतले. परतीच्या गाडीत आम्ही दोघी समोरासमोर बसलो आणि सासूबाई बोलल्या नाहीत. चहावाला आला, गेला, बोलल्या नाहीत. शेजारच्या बाईंनी पुऱ्यांचा डबा पुढे केला, तरी रेसिपी विचारली नाही. त्या माझ्यावर रागावल्या आहेत असं मी धरून चालले. पहाटे पहाटे एवढी माणसं कामाला लावली आणि मी शेवटच्या वळणावर माती खाल्ली. मलाही माझा रागच आला होता, म्हणून मीही बोलले नाही.

सोसायटीच्या गेटवर सेक्रेटरींचा फ्लेक्स होता. त्यावर बर्फावर उडी मारणाऱ्या कुणा परदेशी मुलीच्या धडावर माझं आधार कार्डावरचं तोंड बसवलं होतं आणि खाली सुवर्णपदकाबद्दल हार्दिक अभिनंदन. "सुवर्ण"वर घाईघाईने "रौप्य" लिहिलेला कागद चिकटवला होता.

"ऑर्डर आधी द्यावी लागते, मॅडम," ते म्हणाले. "आमचा विश्वास होता."

संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये मोठ्या टीव्हीवर माझी शेवटची फिगर दाखवायची ठरली. स्पर्धेवाल्यांनी केलेलं चित्रण माझ्याकडे होतं. मंडळी सत्कारासाठी नव्हे, भांडणासाठी जमली होती. पंचांनी अन्याय केला यावर एकमत झालेलं होतं. बँकवाले काका म्हणाले, बघतो कुठे चूक काढतात ते. आजी पुढच्या खुर्चीत बसल्या. नवऱ्याने दिवे घालवले आणि माझ्या कानात म्हणाला, "तूच बेस्ट होतीस." तो हे नेहमीच म्हणतो.

पडद्यावर मी फिरू लागले. खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटचं वळण जवळ आलं आणि ते यायच्या किंचित आधी, सगळी खोली एका आवाजात ओरडली, "खांदा!"

मग चाक बाहेर गेलं.

आजी हळूच म्हणाल्या, "गेली गो रेघ." बँकवाल्या काकांनी चष्मा काढून पुसला. "पंच बरोबर आहेत," ते म्हणाले, आणि त्यांना ते म्हणणं किती जड गेलं ते मला दिसलं. घरच्या कुणाला आजवर माझी चूक दिसली नव्हती, म्हणून मी केलेलं बरोबरही दिसलं नव्हतं. पदकं मिळाली की ते पेढे वाटायचे, एवढंच. या माणसांनी बोटभर चूक अंधारात, टीव्हीवर, घडायच्या आधी पाहिली होती. मला त्या सगळ्यांचे मुके घ्यावेसे वाटले, साखरेवर अडून बसणाऱ्या काकांसकट.

फक्त एक आवाज त्यात नव्हता. सासूबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांनी तोंडावर हात दाबून धरला होता.

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "आई, इथे ओरडला असतात तरी चाललं असतं. अजून रागावलायत का?"

"रागावू कशाला?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा बारीक झाला होता. "मला तिथेच दिसलं होतं गं. तुझा खांदा वर जायला लागला तेव्हाच. चाक अजून रेघेवर होतं. एक हाक मारली असती तर वाचलं असतं. जन्मभर नको तिथे बोलले मी, आणि जिथे बोलायचं होतं तिथे..."

"बाद झाले असते मी."

"माहीत होतं म्हणूनच गप्प बसले ना! पण ती हाक अजून घशातच अडकून बसलीये. मगाशी टीव्हीसमोरसुद्धा तोंडातून निघेना."

त्यांनी स्पर्धेच्या दिवशी नेसलेली सिल्कची साडी घरी आल्या आल्या कपाटातून काढली आणि तिचा पदर माझ्यासमोर उलगडला. काठापाशी, हाक दाबायला तोंडात कोंबला होता तिथे, जरीची तार तुटली होती आणि दातांच्या खुणांनी रेशीम फाटलं होतं.

"रफूवाला विचारेल कशाने फाटलं म्हणून," त्या म्हणाल्या. "त्याला काय सांगू?"

मला हसू आलं, त्यांनाही आलं, आणि मग माझं हसणं कुठे संपलं ते कळलं नाही. सोनं गेलं म्हणून मी तोवर एकदाही रडले नव्हते. तो पदर दोन्ही हातांत धरून, सासूबाईंच्या पलंगावर बसून, मी पोटभर रडून घेतलं.